कंट्रोलरना उशीर झाला त्याची गोष्ट

कंट्रोलरना आयुष्यात दोनदाच उशीर झाला. पहिल्यांदा जन्माला येताना. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून नऊ दिवस झाले तरी यांचा पत्ता नव्हता. पण ती फेरी आपल्या ताब्यात नव्हती, असं ते स्वतःच सांगत, आणि सांगताना आईच्या फोटोकडे जरा नाराजीनं बघत. दुसऱ्यांदा उशीर झाला तो एका कुत्र्यापायी, वयाच्या साठाव्या वर्षी, मनगटावर घड्याळ असताना. ही गोष्ट त्या दुसऱ्या उशिराची.

बस डेपोत चौतीस वर्षं त्यांनी कंट्रोलर म्हणून नोकरी केली, आणि ती इतकी मन लावून केली की त्यांचं खरं नाव शेवटी फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं. गल्लीत, वाण्याकडे, दवाखान्यात, सगळीकडे ते कंट्रोलरच. काम सांगायला सोपं होतं. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, गाडी आली की वेळ लिहायची, गाडी सुटली की वेळ लिहायची. आणि गाडी उशिरा आली तर ड्रायव्हरला खिडकीशी बोलावून विलंबाच्या वहीत कारण लिहून घ्यायचं. कोणी लिही टायर बसला, कोणी लिही रस्ता खणला होता. एक ड्रायव्हर तर वर्षानुवर्षं एकच कारण लिहीत आला: मेंढ्या आडव्या आल्या. डेपोत त्याला सगळे मेंढपाळ म्हणत. कंट्रोलर प्रत्येक कारण शांतपणे वाचत, त्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारत आणि म्हणत, "हे कारण नाही. ही सबब आहे. उशिराला कारण नसतं, उशिराला फक्त मिनिटं असतात."

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना भिंतीवरचं मोठं घड्याळ भेट दिलं. आभाराच्या भाषणात त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "हे तीन मिनिटं मागे आहे."

घरी आल्यावर त्यांच्याकडे चोवीस तास होते आणि गाडी एकही नव्हती. मग चहा, आंघोळ, पेपर, भाजी या गाड्या झाल्या. बायकोनं भाजी फोडणीला टाकली की हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. "काल साडेदहाला टाकली होतीस."

"काल भेंडी होती. आज दुधी आहे. दुधीला घाई नसते," बायको म्हणायची.

बायकोला विनोदाचं अंग होतं. ते नसतं तर या संसाराची गाडी पहिल्याच घाटात बंद पडली असती. शेजारणींना ती सांगायची, "लोकांचे नवरे उशिरा येतात म्हणून त्या रडतात. आमचे कधी उशिरा आलेच नाहीत. एकतीस वर्षांत मला जरा पाय पसरून बसता आलं नाही."

आणि अशा घरात भोपळ्या आला.

भोपळ्या हा मुलीचा कुत्रा. तिची बदली झाली, आणि नव्या गावी कंपनीनं दिलेल्या जागेत कुत्रा चालत नव्हता. "आठ महिन्यांचा प्रश्न आहे, बाबा," असं म्हणून ती त्याला ठेवून गेली. पिकल्या भोपळ्याच्या रंगाचा, दीड वर्षाचा, आई शिकारी कुत्र्यांच्या कुळातली, वडील कोण ते आईलाच माहीत. कान असे की कोणीतरी दोन लांब पायमोजे वाळत घातलेत. आणि नाक. भोपळ्याचं नाक काळं, ओलं आणि सतत चालू असायचं. ते आधी खोलीत शिरायचं, मग भोपळ्या शिरायचा.

कंट्रोलरनी पहिल्याच संध्याकाळी पट्टी घेऊन वेळापत्रक आखलं आणि फ्रिजवर चिकटवलं. फेरी क्रमांक एक, सकाळ. घर सहा पाच. दुधाचं केंद्र सहा अकरा. छापखान्याची भिंत सहा सोळा. शाळेचं मैदान, वळण, सहा वीस. घर सहा पस्तीस. शेजारी दोन रकाने: विलंब आणि कारण.

"कारण कोण लिहिणार? तो?" बायकोनं विचारलं.

"उशीर होणारच नाही. रकाना आपला असावा म्हणून."

दुसऱ्या दिवशी सहा पाचला गाडी सुटली आणि सहा सहाला फाटकाशीच थांबली. भोपळ्यानं फाटकाच्या खालच्या कडीत नाक घातलं होतं. कंट्रोलरनी पट्टा ओढला. भोपळ्यानं चारही पाय रोवले. आता कंट्रोलर हे नाकासमोर चालणारे गृहस्थ, साऱ्या डेपोत त्यांचा तसा लौकिक. भोपळ्याही नाकासमोरच चालणारा, फक्त त्याचं नाक दर चार पावलांना दिशा बदलायचं. दोघांच्या मधे सहा फुटांचा पट्टा, आणि तो कायम तारेसारखा ताणलेला. दुधाच्या केंद्रावरचे लोक पिशव्या हातात धरून बघत राहायचे. खांब आला की भोपळ्या थांबे, कंट्रोलर ओढत. "थांबा नाही इथे," ते खालच्या आवाजात म्हणत. चौतीस वर्षं ते हेच म्हणत आले होते, आणि आजवर सगळ्यांनी ऐकलं होतं.

पट्टा ओढून ओढून फेरी मात्र रोज वेळेवर धावत राहिली. सहा पस्तीसला कंट्रोलर घरात, सहा छत्तीसला लॉगशीट भरलेली, सहा सदतीसला पेपर. आणि सहा अडतीसला भोपळ्या कामाला लागायचा. त्यानं सोफ्याचा डावा हात आतल्या लाकडापर्यंत सोलला. बायकोच्या विणकामातला निळा लोकरीचा गुंडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी, जरा वेगळ्या अवस्थेत, परत केला. चपलांच्या तीन जोडांतली प्रत्येकी एकच चप्पल कुरतडली, त्यामुळे कंट्रोलर काही दिवस दोन वेगळ्या चपला घालून पण वेळेवर फिरत होते. दुपारी दोघं भाजी आणायला बाहेर पडले की तो हेल काढून असा रडे की खालच्या मजल्यावरच्या भांड्यांना कंप सुटे.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. तीस वर्षं मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. तिलाही सगळे मेट्रनच म्हणत. अजून ती रोज सकाळी सव्वासातला कडक इस्त्रीची साडी नेसून आपल्याच घरातून राऊंड घेई, कठड्यावर बोट फिरवून धूळ बघे आणि कुंड्यांना "काल रात्री कसं होतं?" असं विचारी. वरच्या भाडेकरूशी तिचं छान जमायचं. एका इमारतीत दोन घड्याळं बरोबर चालत असली की भांडण होत नाही. पण भोपळ्यानं तिचं काथ्याचं पायपुसणं जिन्यात ओढून नेऊन त्याचा पार काथ्याकूट केला, तेव्हा ती वर आली. हातात पायपुसण्याचा उरलेला कोपरा होता.

"कंट्रोलर, हे काय आहे?"

"पायपुसणं होतं," कंट्रोलर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"मला कुत्र्यांचं वावडं नाही. पण हा रोज दुपारी पाऊण तास रडतो आणि माझं घर खातो. पंधरा दिवस देते. सोळाव्या दिवशी सकाळी सव्वासातला मी राऊंडला येईन. पेशंट सुधारला असेल तर राहू दे. नसेल तर त्याला डिस्चार्ज. एक मिनिट जास्त नाही."

"सव्वासात," कंट्रोलर म्हणाले आणि सवयीनं लिहून घेतलं.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, जमत नसेल तर राहू द्या. माझ्या ऑफिसातल्या एकाचं गावाबाहेर शेत आहे, तो घेईल त्याला. पण मग तो कायमचाच गेला. परत मागता येणार नाही."

कंट्रोलरनी फोन ठेवला. भोपळ्या त्यांच्या पायावर हनुवटी टेकवून झोपला होता. तो रोज जेवणानंतर तिथेच झोपायचा, आणि कंट्रोलर पायाला मुंग्या आल्या तरी पाय हलवत नसत. ही नोंद लॉगशीटमध्ये नव्हती.

"डॉक्टरकडे नेऊ या," ते बायकोला म्हणाले. "गाडी नवी आहे. एवढी बिघडते म्हणजे काहीतरी आत असणार."

जनावरांची डॉक्टर तरुण होती, बाह्या सरसावलेली, आणि तिच्या टेबलावर एक मांजर कोणाचंही नसल्यासारखं बसलं होतं. तिनं भोपळ्याचे दात, पोट, कान सगळं पाहिलं. मग विचारलं, "फिरायला नेता?"

कंट्रोलर या प्रश्नाची वाटच बघत होते. त्यांनी पिशवीतून लॉगशीटांची फाईल काढून पुढे केली. डॉक्टरनं चार पानं उलटली.

"छान आहे. यात तुमची फेरी दिसते. कुत्र्याची कुठे आहे?"

"तो बरोबर असतोच."

"बरोबर असतो. पण करतो काय?"

"चालतो. वेळेवर."

"म्हणजे ओढला जातो," ती म्हणाली. "काका, याला आजार काही नाही. याला काम नाही. अख्खं डोकं नाकाला जोडलेलं, आणि ते नाक तुम्ही अर्धा तास नुसतं हवेत मिरवून आणता. घरी आल्यावर तो ते काम सोफ्यावर करतो. रिटायर झालेल्या माणसासारखं झालंय त्याचं. हातात काम नाही, म्हणून घरच्यांच्या डोक्याला ताप."

बायकोनं गंभीर चेहरा करून विचारलं, "असे पेशंट बरे होतात का हो?"

"होतात. पट्टा सैल सोडा. तो थांबला की थांबा, तो निघाला की निघा. घरात खाऊ वाटीत द्यायचा नाही, लपवायचा. जुन्या टॉवेलच्या घडीत, खोक्यात, खुर्चीखाली. शोधू दे त्याला. फाडायला जुने कागद द्या, म्हणजे सोफा सुटेल. आणि खेळा त्याच्याशी. दोरीची ओढाओढ करा, अधूनमधून त्याला जिंकू द्या."

"एका खांबाला साधारण किती मिनिटं धरायची?" कंट्रोलरनी पेन काढलं.

"ते तो ठरवेल."

"पण सरासरी?"

डॉक्टरनं पुढच्या पेशंटला हाक मारली.

माणसाचं मन वळतं, पण सवय सरळच चालते. कंट्रोलरनी घरी येऊन नवं वेळापत्रक आखलं. सहा सात ते सहा दहा: हुंगणे, फाटक. सहा चौदा ते सहा अठरा: हुंगणे, दुधाचं केंद्र. शेवटी तीन मिनिटं राखीव. सकाळी दुधाच्या केंद्रापाशी सहा चौदाला ते थांबले आणि म्हणाले, "हं, घे." भोपळ्यानं त्यांच्याकडे बघितलं, बूड टेकलं आणि कान खाजवला. चार मिनिटं तो इमानेइतबारे खाजवत बसला. सहा अठराला गाडी सुटली, आणि पुढच्याच पावलावर एका फुटक्या विटेपाशी भोपळ्या असा रुतला की जणू विटेखाली त्याचा जन्मदाता बाप सापडला. कंट्रोलरनी पट्टा ओढला. ओढला आणि आठवलं. सोडला. पुन्हा घड्याळ बघितलं, पुन्हा ओढला. तीन दिवस असंच चाललं. पंधरातले तीन गेले.

चौथ्या दिवशी छापखान्याच्या भिंतीजवळच्या दिव्याच्या खांबाशी भोपळ्या थांबला. कंट्रोलर दात आवळून उभे राहिले. करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितलं. भोपळ्यानं खांबाला बुडापासून सुरुवात केली. नाकपुड्या भराभर थरथरत होत्या. एका जागी तो मागे सरला, पुन्हा गेला, पुन्हा वास घेतला, म्हणजे काहीतरी पडताळून पाहिलं. मग जरा वर. मग डावीकडे. तिथे त्याची शेपटी हलली, बहुतेक ओळखीचं कोणी असावं. एका ठिकाणी मानेवरचे केस उभे राहिले, तिथे तो बराच वेळ रेंगाळला आणि नापसंतीनं फुरफुरला. शेवटी त्यानं पाय वर केला, मोजके दोन थेंब टाकले आणि शांतपणे निघाला.

कंट्रोलर जागच्या जागी खिळले. हे त्यांनी बघितलं होतं. कुठे बघितलं होतं? मग एकदम उजेड पडला. हे तर ते स्वतः चौतीस वर्षं करत होते. कोण आलं, कधी आलं, कुठून आलं, कोण गेलं, कोणाची तब्येत बरी दिसत नाही, कोण आपल्या रूटवर नसताना इकडे फिरकला. सगळ्यांच्या नोंदी तपासायच्या आणि शेवटी खाली आपली सही करायची. हा खांब म्हणजे केबिन होती. आणि ते इतके दिवस एका कंट्रोलरला ऐन ड्यूटीवर, वही उघडी असताना, मानेला धरून बाहेर ओढत होते.

त्यांना भयंकर लाज वाटली.

"माफ कर," ते भोपळ्याला म्हणाले. "मला कल्पना नव्हती तू स्टाफचा आहेस."

त्या दिवसापासून पट्टा सैल झाला. आणि गंमत अशी की मैदानापर्यंत जायचीही गरज पडेना. चार खांब, एक भिंत आणि एक उकिरडा एवढं वाचून झालं की भोपळ्या घरी येऊन असा पसरायचा की आठ तास ड्यूटी करून आलाय. कंट्रोलर लॉगशीट भरत राहिले, पण हळूहळू वेळेच्या रकान्यात भलतंच काही येऊ लागलं. "विटेपाशी पुन्हा. आज शेपटी हलली नाही." "दुधाच्या केंद्राचा बोका आजारी असावा." बायको ते वाचून म्हणाली, "एकतीस वर्षांत मला सर्दी झालेली यांना कधी कळली नाही."

घरातला खेळही जोरात सुरू झाला. फाडायच्या कागदांचा प्रश्न बायकोनं सोडवला. तिनं कपाटातून डेपोची जुनी वेळापत्रकं काढली. चौतीस वर्षांची, उन्हाळी वेगळी, हिवाळी वेगळी, सुतळीनं बांधलेली. ती घराबाहेर काढायचा तिचा प्रयत्न बारा वर्षं चालला होता.

"ही नाही," कंट्रोलर म्हणाले.

"या गाड्या आता कुठेही जात नाहीत, अहो."

कंट्रोलर गठ्ठ्याकडे बघत राहिले. भोपळ्याही गठ्ठ्याकडे बघत राहिला. शेवटी त्यांनी अगदी पहिल्या वर्षाचं हिवाळी वेळापत्रक काढलं, त्यात बिस्किटाचा तुकडा गुंडाळला आणि खोक्यात टाकला. भोपळ्यानं हिवाळा चाळीस सेकंदात संपवला. सोफ्याकडे त्यानं त्यानंतर ढुंकूनही पाहिलं नाही.

दोरीच्या ओढाओढीत मात्र डॉक्टरनं सांगितलेलं अधूनमधून जिंकू देणं कंट्रोलरना करावं लागलं नाही. भोपळ्याच दर पाच डावांनी एकदा त्यांना जिंकू देऊ लागला.

आठव्या दिवशी एक घोळ झाला. कंट्रोलरनी उकडलेल्या गाजराचे बारा तुकडे घरभर लपवले आणि शिस्तीप्रमाणे बाराही जागांची यादी केली. भोपळ्यानं अकरा शोधले. बारावा सापडेना. तो शोधायचा भोपळ्यानं कंटाळा केला आणि आडवा झाला. पण कंट्रोलरच्या हिशेबी गाडी डेपोतून सुटली म्हणजे ती कुठेतरी पोचलीच पाहिजे. यादी बघावी तर यादी सापडेना. ते सोफ्याखाली शिरले. चष्मा पडला, तेव्हा दिसण्याचा मार्ग बंद झाला, मग त्यांनी नाक लावलं. हातापायांवर, गाल फरशीला टेकवून, ते सोफ्याच्या कडेनं एकेक फूट वास घेत सरकत होते. मागे भोपळ्या बसून बघत होता, एखाद्या शिकाऊ माणसाकडे वरिष्ठ बघतो तसा.

दार उघडं होतं. मेट्रन पाण्याच्या टाकीचं काहीतरी सांगायला वर आली होती. ती उंबऱ्यात थांबली.

"कंट्रोलर."

"हं?" सोफ्याखालून आवाज आला.

"पेशंट कोण आहे, ते एकदा नक्की करा."

"गाजर शोधतोय."

"सापडलं?"

"वास येतोय," कंट्रोलर म्हणाले.

 मेट्रन सावकाश जिना उतरून गेली. यादी नंतर सापडली, भोपळ्याच्या खोक्यात, चार तुकड्यांत. बारावी जागा तिच्यावर लिहिली होती, पण नेमका तोच तुकडा त्यानं गिळला होता. "आता गेलीच संधी," कंट्रोलर बायकोला म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. बारावं गाजर पुढे दोन दिवसांनी त्यांच्याच कोटाच्या खिशात निघालं.

सोळावा दिवस उजाडला. घर लख्ख होतं. सोफ्याच्या हातावर बायकोनं विणलेलं कापड चढवलं होतं. कंट्रोलरनी पक्कं ठरवलं होतं: सहा पाचला सुटायचं, छापखान्याच्या खांबावरून माघारी फिरायचं, पावणेसातला घरी, भोपळ्याला पुसून सात दहाला तयार. पाच मिनिटं हातात.

पण त्या सकाळी खांबावर काहीतरी नवीन लिहिलेलं होतं. भोपळ्यानं ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि भिंतीला वळसा घालून अशा बोळात शिरला जिथे तो कधी गेला नव्हता. पट्टा सैल होता. कंट्रोलर मागे निघाले. जमिनीला नाक लावून भोपळ्या बेकरीच्या मागून गेला, बंद पडलेल्या थिएटरच्या अंगणातून गेला, एका नालीपाशी वास हरवला, गोल फिरला, पुन्हा सापडला. कंट्रोलरचं भान हरपलं. प्रत्येक वळणावर ते मनात अंदाज बांधत, आता डावीकडे जाईल, आणि भोपळ्या उजवीकडे जाई, आणि चूक झाल्याचा त्यांना आनंद होई. त्यांच्या पायजम्याला कुसळं लागली. एका कुंपणाखालून जाताना ते वाकले ते जवळजवळ रांगलेच.

माग संपला तो एका पंक्चरच्या दुकानापुढे. तिथे टायरच्या ढिगाऱ्यावर एक काळी, नाकाशी पांढरी पडलेली म्हातारी कुत्री बसली होती, आणि शेजारी स्टोव्हवर चहा ठेवून दुकानाचा मालक, म्हणजे डेपोतला तो जुना ड्रायव्हर, मेंढपाळ, बसला होता.

"साहेब?" मेंढपाळ उठून उभा राहिला. सव्वीस वर्षं खिडकीशी उभं राहून लाल रेघा खाल्लेला माणूस, सवय जाते कुठे. "इकडे कुठे? हा तुमचा रूट नाही."

"गाडी त्याची आहे," कंट्रोलर भोपळ्याकडे बोट करून म्हणाले. "मी नुसता कंडक्टर."

भोपळ्या आणि म्हातारीनं एकमेकांची पुढून-मागून सविस्तर चौकशी केली. मग भोपळ्यानं छाती जमिनीला टेकवली, बूड वर केलं आणि म्हातारीपुढे डुलू लागला. म्हातारी आधी नाहीच म्हणत होती. वय झालं, गुडघे दुखतात, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग एकदम उठली आणि त्याला टायरांभोवती असं पळवलं की दोघांच्या जिभा मफलरसारख्या लोंबू लागल्या. ती पळे, हा मागे. मग आपोआप बाजू बदले, हा पळे, ती मागे. पाठलाग कोण करतंय हे कोणी ठरवलेलं नव्हतं. कंट्रोलर टायरवर बसले, चहाचा कप हातात घेतला आणि तोंड किंचित उघडं ठेवून बघत राहिले.

"साहेब," बऱ्याच वेळानं मेंढपाळ म्हणाला, "साडेसात झाले. तुमचा पेपर?"

कंट्रोलरनी मनगटाकडे पाहिलं. तासाभरात पहिल्यांदा. कप त्यांनी खाली ठेवला तो अर्धा सांडला.

परतीच्या वाटेवर ते जवळजवळ धावत होते. भोपळ्याही निमूट धावत होता. बंद थिएटर गेलं, बेकरी गेली, आणि छापखान्याच्या भिंतीशी तो खांब आला. भोपळ्या थांबला.

कंट्रोलरचा हात पट्ट्यावर आवळला. एक हिसका, आणि मोजून पाच मिनिटांत ते घरी असते. पण सव्वासात तर कधीच होऊन गेले होते. मेट्रन एक मिनिट जास्त देणार नव्हती, मग तीस काय आणि पन्नास काय. आज संध्याकाळी मुलीला फोन करावा लागेल. शेतावर खांब असतात की नाही कोण जाणे, आणि असले तरी त्यावर या गल्लीतल्यांच्या नोंदी थोड्याच असणार. हा खांब भोपळ्याला पुन्हा वाचायला मिळेलच असं नव्हतं.

त्यांनी मूठ सैल केली. "घे," ते म्हणाले. "नीट बघ. घाई नाही."

भोपळ्यानं नीट बघितलं. बुडापासून वरपर्यंत, शेवटच्या सहीपर्यंत.

घरी पोचले तेव्हा आठ वाजून दोन मिनिटं झाली होती. मेट्रन टेबलापाशी ताठ बसली होती. बायको शेजारी होती आणि तिचे डोळे लाल होते. सव्वासातला ती हसत "येतीलच" म्हणाली होती, सात वीसला तिनं डेपोत फोन लावला होता, आणि साडेसातला, हा माणूस जिवंत असता तर आला असता, असं म्हणून रडायला लागली होती. तेव्हापासून मेट्रन तिची नाडी धरून बसली होती.

कंट्रोलर दारात उभे राहिले. केसांत कुसळं, गुडघ्यांना चिखल.

"सत्तेचाळीस मिनिटं," मेट्रन म्हणाली. "कारण?"

चौतीस वर्षांची कारणं कंट्रोलरच्या डोळ्यांपुढे रांगेत उभी राहिली, प्रत्येकाखाली लाल रेघ.  ते म्हणाले, "भोपळ्याला वेळ लागला. वास घ्यायला."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"मी उभा होतो."

"हे कारण आहे की सबब?" बायकोनं पदरानं डोळे पुसत विचारलं.

कंट्रोलरनी प्रामाणिकपणे विचार केला. "कारण आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात भोपळ्या आत शिरला आणि थेट मेट्रनच्या पायांशी गेला. चपला, घोटा, इस्त्रीची साडी, मग मांडीवर ठेवलेला हात. एकेक बोट. कंट्रोलर पट्टा ओढायला पुढे झाले, तर मेट्रननं दुसरा हात वर केला.

"मधे पडू नका. तो राऊंड घेतोय."

राऊंड पूर्ण झाला. भोपळ्या उंबऱ्याकडे गेला, नव्या पायपुसण्याचा वास घेतला, त्यावर तीनदा गोल फिरला आणि धपकन आडवा झाला. दुसऱ्या मिनिटाला घोरत होता. मेट्रन उठली. तिनं सोफ्यावरून बोट फिरवलं, खोक्यातल्या कागदाच्या चिंध्या बघितल्या, वाकून भोपळ्याचे श्वास मोजले.

"आठवडाभर रडणं नाही. दुपारी मी मुद्दाम कान देऊन बसत होते. झोप गाढ. याला डिस्चार्ज देण्यासारखं मला काही दिसत नाही," ती म्हणाली. "राहू दे." मग कंट्रोलरना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणाली, "यांच्यावर मात्र लक्ष ठेवा."

  कंट्रोलर फ्रिजपाशी गेले आणि लॉगशीटवर पेन टेकवलं. विलंब: ४७ मिनिटे. पुढचा रकाना इतक्या दिवसांत प्रथमच उघडला होता.

बायको खांद्यावरून डोकावली. "काय सुचत नाही? लिहा, मेंढ्या आडव्या आल्या."

"मेंढपाळ भेटला होता," कंट्रोलर म्हणाले आणि लिहिलं: छापखान्याजवळचा खांब. लाल पेन्सिल शेजारीच दोरीला लटकत होती. तिला त्यांनी हात लावला नाही.

मेट्रन दाराशी थांबली होती. "मलाही गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय," ती कोणाकडेही न बघता म्हणाली. "उद्या किती वाजता सुटता?"

कंट्रोलरनी वेळापत्रकाकडे बघितलं. मग पायपुसण्याकडे.

"तो उठला की," ते म्हणाले.

बायकोनं पुढे होऊन त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.